सूर्याकडे पाठ फिरवा: गोव्याच्या धुक्यातलं पांढरं धनुष्य कसं टिपावं

धुक्याची सकाळ म्हटली की कॅमेरा आपोआप सूर्याकडे वळतो. माडांच्या झावळ्यांतून उतरणारे किरण, सोनेरी पाणी, होडी आणि होडीतला माणूस. असे फोटो गोव्यात दर हिवाळ्याला पोत्यानं निघतात. त्यात वाईट काही नाही, पण नेमक्या त्याच दहा-पंधरा मिनिटांत फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे कधीकधी एक भली मोठी पांढरी कमान उभी असते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. इंग्रजीत तिला फॉगबो म्हणतात. आपण धुकेधनुष्य म्हणू. या लेखातला बराचसा भाग त्या कमानीचा आहे; किरणांचं थोडक्यात शेवटाकडे येईल.

धुकेधनुष्य आणि इंद्रधनुष्य ही भावंडंच. पावसाचा थेंब साधारण एक मिलिमीटरचा, धुक्याचा थेंब त्याच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाचा. इतक्या बारीक थेंबातून बाहेर पडताना प्रत्येक रंग पसरट होतो, रंग एकमेकांवर चढतात आणि डोळ्यांपर्यंत पांढरा पट्टा पोचतो. नीट पाहिलं तर बाहेरच्या कडेला किंचित तांबूस आणि आतल्या कडेला निळसर झाक असते. कधी आतल्या बाजूला आणखी एक-दोन फिकट कमानी दिसतात. थेंब सारख्या आकाराचे असल्याची ती खूण, आणि अशी सकाळ सोडू नये.

कमान कुठे दिसेल ते आधीच ठरलेलं असतं. तिचा मध्यबिंदू म्हणजे तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते ती जागा, आणि त्या बिंदूपासून कमान ३५ ते ४० अंशांवर. हात पूर्ण ताणून पंजा फाकवला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सुमारे २० अंश होतात, म्हणजे डोक्याच्या सावलीपासून दोन विती मोजल्या की तिथेच शोधायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती दिसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा तो फार लहान क्षेत्रात शोधत असतो. कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार विती रुंद असते.

पांढऱ्या कमानीच्या आत, अगदी डोक्याच्या सावलीभोवती, मुठीएवढ्या घेरात रंगीत वलयं दिसली तर ते इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यामुळे हा शब्द मराठी ट्रेकरांच्या तोंडी आहे. त्यासाठी मात्र धुकं किंवा ढग तुमच्या खाली हवा आणि सूर्य मागे. स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस डोंगरावर १८९४ साली सी. टी. आर. विल्सन या तरुण भौतिकशास्त्रज्ञानं हीच वलयं पाहिली आणि ती प्रयोगशाळेत बनवून बघायच्या नादात क्लाउड चेंबर (अदृश्य कणांचे माग दाखवणारं उपकरण) तयार केलं. पुढे १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. गंमत अशी की शेजारी उभ्या असलेल्या दोघांना वलय आपापल्याच डोक्याभोवती दिसतं. ‘तुझ्याभोवती काहीच नाही’ असं दोघंही एकमेकांना सांगतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

तिसरा प्रकार सगळ्यांत सोपा. वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी हंगामाच्या, कोवळ्या भातावर दव दाटलेलं असताना बांधावर उभं राहून आपल्या डोक्याच्या सावलीकडे पाहा; सावलीभोवती पांढरा उजेड दिसतो. दवाचा प्रत्येक थेंब भिंगासारखा सूर्यप्रकाश पानावर गोळा करतो आणि आल्या वाटेनं परत पाठवतो. याला धुकंही लागत नाही. सूर्याच्या बरोबर समोरचा बिंदू कुठे असतो याचा डोळ्यांना सराव करायचा असेल तर सुरुवात इथूनच करा.

कोणत्या पहाटे निघायचं

गोव्यात बाहेर पडायचे महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. इथलं हिवाळी धुकं बहुतेक जमिनीच्या गारव्याचं. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन उष्णता सोडून देते, तिला टेकलेली ओलसर हवा थंड होते आणि वारा नसला तर तिथल्या तिथे गोठल्यासारखी पडून राहते. त्यावर मतलई वारे डोंगरउतारावरची गार हवा हळूहळू खोलगट भागात आणून सोडतात. म्हणून म्हादईचं खोरं, सत्तरी, डिचोली, सांगे, केपे आणि तिसवाडीतली खाजनं (खारं पाणी बांधानं अडवून केलेली भातशेतं) यांच्यावर धुकं दाटतं, आणि कळंगुटच्या किनाऱ्यावर त्याच वेळी लख्ख उजेड असतो. समुद्र रात्रीत फारसा थंड होत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलातून आकाश पाहून ‘आज धुकं नाही’ असं ठरवू नका.

आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी बघा. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये पहाटेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरू लागतं ते) यांच्यात दोन अंशांपेक्षा कमी फरक हवा. वारा ताशी पाचेक किलोमीटरच्या आत हवा. आणि आकाशात ढग नकोत. आम्हाला अ‍ॅपपेक्षा स्कूटरची सीट जास्त विश्वासाची वाटते: रात्री दहा-अकराला ती दवानं ओली झाली असेल तर गजर लावायचा. सीट कोरडी आणि झावळ्या हलतायत, तर झोपायचं. अवकाळी पाऊस पडून गेल्यानंतरची पहिली निरभ्र रात्र सगळ्यांत भरवशाची. अशाच पहाटे आंबा-काजूवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण मोहोरावर भुरी आणि तुडतुडे येतात ते याच दमट हवेत. त्यामुळे बागेच्या मालकाला ‘काय सुंदर धुकं पडलंय’ असं सांगू नये.

वेळेचं गणित पक्कं आहे. जानेवारीच्या मध्यावर पणजीत सूर्योदय ७ वाजून ५ मिनिटांच्या आसपास होतो. आठ वाजता सूर्य सुमारे ११ अंश वर असतो, नऊला सुमारे २४. कमानीचा माथा क्षितिजापासून किती उंच, तर ४० वजा सूर्याची उंची: आठला सुमारे २९ अंश, नऊला १६. साडेदहाच्या आधीच ती सपाट जमिनीवर बसून जाते. पण उंची महत्त्वाची असली तरी खरा निर्णय धुक्याच्या जाडीचा. सूर्य अजिबात दिसत नसेल तर धनुष्य नाही. धुकं पूर्ण उठलं तरीही नाही. मधली वेळ हवी, जेव्हा सूर्य पांढऱ्या नाण्यासारखा दिसायला लागतो आणि जमिनीवर आपली फिकट सावली उमटते. सावली दिसली की लगेच मागे वळायचं. ही वेळ कधी पाच मिनिटांची असते, कधी अर्ध्या तासाची. साधारण साडेसात ते नऊच्या दरम्यान ती येते. धुकं विरतं आणि परत दाटतं असं दोन-तीनदा होऊ शकतं, तेव्हा पहिल्या संधीला चुकलात तरी सामान आवरू नका.

उभं कुठे राहायचं

जानेवारीत सूर्य नेमक्या पूर्वेला नाही, तर पूर्वेपासून दक्षिणेकडे वीस-बावीस अंश सरकून उगवतो. म्हणजे कमानीचा मध्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. होकायंत्रावर सुरुवातीला २९० अंशांच्या आसपास धरा. फेब्रुवारीअखेर हाच आकडा २८० च्या खाली येतो, आणि सकाळ चढेल तसा तो थोडा उत्तरेकडे सरकतो. यावरून जागेची निवड सुटते: मैदानाच्या, तळ्याच्या किंवा खाजनाच्या आग्नेय काठावर उभं राहायचं आणि वायव्येकडे पाहायचं. सूर्याच्या बाजूला उंच झाडी किंवा टेकडी असेल तर तिची सावली तुमच्यावर आणि समोरच्या धुक्यावर पडत राहते. धुकं विरेपर्यंत ऊन तिथे पोचत नाही. जागा वाया जाण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण. आदल्या दिवशी जागेवर जाऊन पूर्व-आग्नेयेला काय आहे एवढं तरी बघून या.

खाजनाचा बांध या कामाला फार चांगला. शेताच्या पातळीपेक्षा तो मीटर-दीड मीटर उंच असतो, वरून खालच्या पातळ धुक्यावर कमान खालपर्यंत उतरलेली दिसते, कधी तिचे दोन्ही पाय भातात टेकलेले. चोडण आणि दिवाडी बेटांवर असे बांध भरपूर आहेत. रायबंदरहून चोडणला आणि जुने गोव्याहून किंवा नार्व्याहून दिवाडीला फेरीबोट जाते. पहाटेच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्या, आणि फार दाट धुक्यात नदी ओलांडायला उशीर होईल असं धरूनच निघा. शक्य असेल तर रात्रीच पलीकडे मुक्काम करावा. धक्क्यावर उभं राहून पलीकडचं धुकं विरताना पाहण्यासारखं दुःख नाही.

दिवाडीच्या मधोमध पिएदादेची टेकडी आहे. तिथून खालच्या खाजनावर धुक्याची चादर पसरलेली दिसते आणि इंद्रवज्राची शक्यताही तिथेच. फक्त माथ्याच्या पश्चिम कडेला उभं राहा. उतारावर थोडं खाली उतरलात की टेकडीची सावली तुमच्या सावलीला गिळते. याहून मोठा खेळ चोर्ला घाटात. सुमारे ८०० मीटर उंची, दरीची उघडी बाजू पश्चिमेला, सकाळी सूर्य पाठीशी. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर दरी ढगानं भरून राहते, तेव्हा कड्याच्या जवळ पण सुरक्षित अंतरावर थांबा. ओला जांभा शेवाळानं साबणासारखा होतो.

डिचोली-सत्तरीकडचे उघडे सडेही (जांभ्याची पठारं) उपयोगाचे. मये तळ्याच्या काठी किंवा साळावलीच्या जलाशयावर पाण्याची वाफ उठते ती वेगळी: पाणी कोमट आणि वरची हवा गार असल्यामुळे ती पाण्याला चिकटून असते आणि लवकर विरते. कमान तिच्यात क्वचित पुरी होते, तुकडे दिसतात.

पार्श्वभूमी गडद हवी. पांढऱ्या आकाशावर पांढरी कमान उठून दिसत नाही. खारफुटीची किंवा डोंगराची काळी रेघ मागे असली की तीच कमान दुप्पट ठळक वाटते. कमानीत एखादं झाड, खुरीस (क्रूस) किंवा बांधावरून जाणारा माणूस बसवायचा असेल तर कमानीची वाट बघत बसू नका. ती तुमच्याबरोबर चालते. तुम्ही डावीकडे दहा पावलं गेलात की तीही जाते. तेव्हा आपल्या डोक्याची सावली त्या झाडाच्या दिशेनं पडेपर्यंत सरकायचं, झाड आपोआप मधोमध येतं.

खाजनात वावरायची पद्धत सांभाळावी. रोपं लावलेल्या वाफ्यात पाय नको, बांधाचा काठ कोसळेल असं उभं राहणं नको, आणि मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्यांना हात तर मुळीच नको. एक फळी हलली की खारं पाणी शेतात येतं आणि कुणाचं तरी वर्ष बुडतं. शेतात माणूस दिसला तर आधी त्याच्याशी बोला, मग कॅमेरा काढा. बांधावरच्या गवतात घोणस असू शकते, म्हणून गमबूट आणि बॅटरी. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या बाजूला मगरी आहेत; तिथे पाण्याच्या कडेला गुडघे टेकून कोन शोधू नये.

कॅमेऱ्याची तयारी

सगळी कमान एका चौकटीत यायला ८० अंशांहून रुंद दृष्टी लागते. फुल-फ्रेमवर (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २१ मिमीला दोन्ही टोकं काठाला टेकतात, तेव्हा १६ ते १८ मिमी वापरा. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर, १० ते १२ मिमी. किटमधल्या १८-५५ नं क्रॉप सेन्सरवर अख्खी कमान मिळत नाही. कॅमेरा उभा धरून तीन-चार फ्रेम एकमेकांवर तिसरा हिस्सा चढवून घ्या आणि नंतर जोडा. जोडायच्या सगळ्या फ्रेमना एकच एक्स्पोजर आणि एकच व्हाइट बॅलन्स. फोनचा मुख्य कॅमेरा अपुरा पडतो, ०.५ वाला अल्ट्रावाइड पुरतो. उलट इंद्रवज्राला ५० ते १०० मिमी चांगलं, वाइडमध्ये ते चिंचोक्याएवढं येतं.

फोकसचा घोळ धुक्यात हमखास होतो. ऑटोफोकसला धरायला कडा मिळत नाही, तो पुढे-मागे धावतो आणि नेमक्या क्षणी शटर दाबत नाही. मॅन्युअलवर जा. १८ मिमी, एफ/८ आणि फुल-फ्रेम असेल तर फोकस दीड मीटरवर ठेवा. पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग रिंगवर कागदी टेपचा तुकडा लावा, नाहीतर थंड बोटांनी ती सरकते.

एक्स्पोजर: मीटर धुक्याला करडं समजतो आणि फोटो मळकट काढतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची सुरुवात अधिक ०.७ स्टॉपपासून करा, गरज पडली तर अधिक १.३ पर्यंत. पण कमान स्वतः आसपासच्या धुक्यापेक्षा जेमतेम उजळ असते. ती हिस्टोग्रामच्या (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या भिंतीला आपटली की तिचा आकारच पुसला जातो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. म्हणून आलेखाचा डोंगर उजवीकडे पण भिंतीपासून अलग. सूर्य पातळ धुक्यातून दिसायला लागल्यावर आयएसओ २००, एफ/८ आणि १/१२५ ते १/२५० च्या आसपास तुम्ही असाल. तीन फ्रेमचं ब्रॅकेटिंग (एकच चित्र कमी-जास्त उजेडात), दोन-तृतीयांश स्टॉपच्या अंतरानं, लावून ठेवायला हरकत नाही.

फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची, हवी. ही अट सैल करू नका. धुक्यातला सगळा खेळ फिक्या करड्याच्या चार-पाच छटांत असतो. जेपेगमध्ये त्या छटा मोजक्याच उरतात आणि नंतर जरा ताणलं की आकाशावर पायऱ्या दिसतात. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर बांधून टाका. ऑटो ठेवलात तर सकाळचा पिवळसर उबदारपणा तो ‘दुरुस्त’ करतो आणि कमान दवाखान्यातल्या भिंतीसारखी होते.

पोलरायझरबद्दल (एकाच दिशेनं कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश आत सोडणारा फिल्टर) दोन टोकाची मतं ऐकू येतात, दोन्ही अर्धवट. धनुष्याचा प्रकाश कमानीच्या रेषेला समांतर ध्रुवित असतो. म्हणजे माथ्यावर आडवा, दोन्ही पायांजवळ जवळपास उभा. फिल्टर एका बाजूला फिरवला की माथा ठळक होतो आणि पाय गायब. दुसऱ्या बाजूला उलट. संपूर्ण कमान वाइड लेन्सनं घेताना फिल्टर काढा. फक्त एक पाय किंवा फक्त माथा लांब लेन्सनं घेत असाल तेव्हा मात्र त्याच्यासारखं काही नाही: व्ह्यूफाइंडरमधून बघत हळू फिरवा, कमान पेटते. दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो, तो शटरमधून भरून काढा.

ट्रायपॉड घेऊन गेलात तर त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. कॅमेरा न हलवता अर्ध्या मिनिटात १६ फ्रेम काढा आणि घरी त्यांची सरासरी घ्या. नॉइज चौपट कमी होतो, सरकतं धुकं गुळगुळीत होतं आणि कमान मात्र जागच्या जागी राहते, कारण तिची जागा सूर्य आणि कॅमेरा ठरवतात, धुक्याचा झोत नाही. फिकट धनुष्याला यापेक्षा चांगला उपाय नाही. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लांबवू नका, सूर्य सरकतो.

टाइमलॅप्स हवा असेल तर चार सेकंदांना एक फ्रेम, वीस मिनिटांत ३०० फ्रेम, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीनं बारा सेकंद. पुरे होतात.

फोनवाल्यांनी लेन्स पुसून अल्ट्रावाइड निवडावा, समोरच्या गडद झाडीच्या कडेवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावा आणि सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवावं. एचडीआर बंद करता येत असेल तर करा; तो उजळ पट्टा दाबून आसपास सारखं करून टाकतो, आणि आपल्याला तर तो पट्टाच हवा आहे.

तुमची सावली फोटोत येणारच, कमानीच्या मध्याशी. ती नको असेल तर झाडाच्या किंवा खांबाच्या सावलीत उभे राहा, किंवा चौकट वर उचला. हवी असेल तर ट्रायपॉड आवरून सरळ उभे राहा. तीन पायांची सावली कोळ्यासारखी दिसते.

सूर्योदयाची वाट न बघता सराव करायचा असेल तर पहाटेच्या अंधारात, रहदारी नसलेल्या खाजगी वाटेवर, उभ्या गाडीचा मोठा दिवा लावा आणि दहा-पंधरा मीटर पुढे जाऊन दिव्याकडे पाठ करा. धुकं पुरेसं दाट असेल तर समोर तुमची राक्षसी सावली आणि तिच्याभोवती पांढरी कमान दिसते. आयएसओ १६००, एफ/२.८, काही सेकंद. हमरस्त्यावर हा प्रयोग कधीही नको.

भिंगावरचं दव

अर्ध्या सकाळी यातच बुडतात. धुक्यात हवेचं तापमान आणि दवबिंदू जवळपास एकच असतात, म्हणजे भिंग हवेपेक्षा एक अंशानं जरी थंड असलं तरी त्यावर पाणी धरतं. थंड होण्याचे दोन रस्ते. एक, एसी. १८ अंशांवर ठेवलेल्या खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की भिंग लगेच पांढरं. उपाय: रात्री कॅमेरा एसी नसलेल्या खोलीत ठेवा, गाडीचा एसी पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद करून काचा उघडा, किंवा कॅमेरा झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून बाहेर वीस मिनिटं थांबा, म्हणजे पाणी पिशवीवर धरेल. दुसरा रस्ता लोकांच्या ध्यानात येत नाही. ट्रायपॉडवर उभा केलेला कॅमेरा निरभ्र आकाशाखाली हळूहळू उष्णता सोडतो आणि आपणहून हवेपेक्षा गार होतो, अगदी त्या स्कूटरच्या सीटसारखा. हूड लावून ठेवा, फोटो नसताना लेन्स खाली झुकवा, आणि लेन्सच्या कड्याभोवती रबरबँडनं रासायनिक हँड-वॉर्मरची पुडी बांधा. यूएसबीवर चालणारा लेन्स हीटर मिळाला तर उत्तम.

दर दोन-तीन फ्रेमनंतर भिंगावर बॅटरी मारून तिरकस बघा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दव आणि धुकं सारखंच दिसतं; घरी गेल्यावर कळतं की सगळी सकाळ ओल्या काचेतून काढली. पुसायला दोन कोरडी मायक्रोफायबर फडकी, एक खिशात, एक पिशवीत. तोंडानं फुंकर मारू नका, ती धुक्याहून ओली असते.

सूर्याकडचे किरण

यासाठी कुळागर (पोफळी-माडांची बाग) सर्वांत चांगलं. पोफळीचे सरळ खांब, वरती दाट छत, मधल्या फटींतून येणारं ऊन. किरण म्हणजे खरं तर झाडांच्या सावल्या. धुकं पातळ असताना त्या ठळक होतात, दाट असताना सगळं पांढरं. सूर्याकडे बघत, पण सूर्य एखाद्या पोफळीच्या मागे लपवून उभं राहा. दहा सेंटिमीटर सरकलं तरी चित्र बदलतं. इथे एक्स्पोजर उजळवायचं नाही, शून्य किंवा उणे ०.३ ठेवा, म्हणजे किरणांमधले काळे पट्टे टिकतात. भिंगावर थेट ऊन आलं तर धुक्यावर आणखी धुकं चढतं. हातानं आडोसा करा. लांब लेन्स लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, धुकं अचानक विरलं तर डोळ्याला इजा होते.

तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ पूर्वाभिमुख आहे आणि भोवती रान, त्यामुळे लोक तिथे धावतात. देऊळ संरक्षित स्मारक आहे; ट्रायपॉड न्यायचा असेल तर परवानगीचं आधी विचारून घ्या. ड्रोनवाल्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांमुळे गोव्याचं बरंच आकाश बंधनात आहे, आणि धुक्यात नजरेआड गेलेला ड्रोन कुठल्याच नियमात बसत नाही.

संगणकावर

डीहेझ नावाची पट्टी मोह घालते. ती धुकं काढण्यासाठीच बनवली आहे, आणि आपण तर धुक्याचाच फोटो काढला आहे. पूर्ण चित्राला ती लावली की धनुष्याआधी वातावरण जातं आणि सेन्सरवरचे धुळीचे ठिपके मात्र दाणेदार उठतात. कमानीवर ब्रशनं किंवा गोल मास्कनं निवड करा, कडा मऊ ठेवा आणि डीहेझ १० ते १५. त्याहून चांगलं म्हणजे अनशार्प मास्क मोठ्या त्रिज्येनं: अमाउंट १५ ते २० टक्के, रेडियस २०० ते ३०० पिक्सेल, थ्रेशोल्ड शून्य. यानं कडा टोकदार होत नाहीत, फिका पट्टा शेजारच्या करड्यापासून हळूच सुटा होतो. काम १६ बिटमध्ये करा, जेपेग अगदी शेवटी. सॅच्युरेशनला हात लावू नका. कमान पांढरी आहे म्हणून तर ती धुकेधनुष्य. तिच्यात सात रंग भरले की बघणाऱ्याला वाटतं साधं इंद्रधनुष्य नीट आलं नाही.

फाइलच्या नावात तारीख, घड्याळाची वेळ आणि उभं राहिल्याची जागा लिहा, ‘दिवाडी बांध ०७५२’ एवढं पुरे. पुढच्या जानेवारीत त्याच तारखेला सूर्य त्याच जागी असेल.

घरी आल्यावर कॅमेरा लगेच बॅगेत कोंडू नका. खाजनातलं दव खारट नसलं तरी बांधावरची हवा खारी असते. बॉडी आणि ट्रायपॉडचे पाय किंचित ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं पुसा, ट्रायपॉडचे पाय उघडून वाळवा, बॅग उन्हात उलटी करा. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय बॉक्समध्ये जाऊ द्या. तांदळाच्या डब्यात नको, पिठाची धूळ रिंगमध्ये जाते आणि गोव्याच्या पावसाळ्यात बुरशीला तेवढं पुरतं.